पाण्याचा ताळेबंद कोणी मांडायचा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

पहिला नमस्कार मी मागच्या रांगांत बसलेल्या आईवडिलांना करतो. यांच्यातल्या पुष्कळांनी दुबार पेरणीच्या वर्षीसुद्धा तुमची फी थकू दिली नाही. हवामान बदलावर मी आज जे बोलणार आहे ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात नद्या शिवारात शिरल्या, उभे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि कितीतरी शेतांमधली माती खरवडून वाहून गेली. मधली वर्षे दहासुद्धा नाहीत. पावसाच्या वार्षिक सरासरीचा आकडा पाहिला तर यातले काही कळत नाही. जूनमध्ये पेरणीपुरता पडतो, मग तीन-तीन आठवडे खंड देतो, आणि काढणीला आलेले पीक शेतात असताना महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओततो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हवामान बदल भेटतो तो असा. समुद्राची पातळी त्याच्यापासून फार लांब आहे, वापसा मात्र दाराशी आहे.

हे निस्तरायचे कोणी? दिल्लीत धोरण ठरते, जगाच्या परिषदांत करार होतात. ते व्हायलाच हवेत. पण पावसाचा खंड पडला की पहिला निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागतो, कारण शेती, पाणी आणि जमीन हे राज्याचे विषय आहेत. आणि दुसरा निर्णय, जो माझ्या मते जास्त अवघड आहे, तो गावाला घ्यावा लागतो. या दोन निर्णयांचे एकमेकांशी नाते कसे असावे, एवढ्या एकाच गोष्टीवर मी बोलणार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाने या राज्याला दोन वेगळे धडे दिले. पहिला सरकारने घेतला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. दुष्काळात तिच्या आधारावर लाखो हातांना काम मिळाले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने तसाच कायदा केला. संकटात माणसाला काम मागण्याचा हक्क आहे, हे राज्याने कायद्याने मान्य करणे ही फार मोठी गोष्ट होती. आज आपण ती गृहीत धरतो.

दुसरा धडा पुरंदर तालुक्यातल्या नायगावात घेतला गेला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि उद्योजक. दुष्काळी कामांवर दगड फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगावच्या देवस्थानची माळरान जमीन घेऊन त्यांनी तिथे पाणलोटाचे काम सुरू केले. बांध घालणे, पाणी अडवणे हे इतरांनीही केले होते. साळुंखे यांनी अडवलेले पाणी वाटायचे नियम केले. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. पाणी पंचायत म्हणून ही चळवळ ओळखली गेली. हे नियम मी आजही वाचतो तेव्हा थक्क होतो. हवामान बदलाशी जुळवून घेण्याबद्दल आज जे मोठमोठे अहवाल लिहिले जातात, त्यांचा गाभा पुरंदरच्या माळावर पन्नास वर्षांपूर्वी मांडून झालेला होता.

हिवरे बाजार तुम्हा सर्वांना माहीत आहे. तुमच्यापैकी अनेक जण सहलीत तिथे जाऊनही आला असाल. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या या गावात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने समतल चर खोदले गेले, झाडे लागली, आदर्श गाव योजनेचा पैसा आला. पाहुणे ते चर आणि ती झाडे पाहून परत येतात. गावाने स्वतःवर घातलेली बंधने मात्र फोटोत येत नाहीत: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, आणि दर वर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर क्षेत्र कमी. योजना सरकारची होती, बंधने गावाची होती. यातले एक काढून घेतले असते तर हिवरे बाजार उभे राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

आता जलयुक्त शिवारकडे येतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने नाले खोल झाले, बंधारे दुरुस्त झाले, कामे वेगाने झाली. कित्येक गावांत विहिरींना पाणी वाढलेले लोकांनी पाहिले, आणि ते खोटे नव्हते. पण ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजलाची पातळी अपेक्षेइतकी उंचावली नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये विधिमंडळासमोर आलेल्या अहवालात काढला. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला होता. यावर राजकारण पुष्कळ झाले, मला त्यात पडायचे नाही. मला दिसते ते साधे आहे. नाल्यात पाणी वाढले की शिवारात मोटारी वाढतात. पाणी आणण्याचे काम सरकारी यंत्रणेने केले, पण ते वापरायचे किती आणि कोणी, हा प्रश्न गावात कोणी विचारलाच नाही. गावाकडून श्रमदान मागितले, लोकवर्गणी मागितली. निर्णय मागितला नाही.

शेततळ्याचे उदाहरण घेऊन हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या कृषी अभियांत्रिकीच्या मंडळींनी शेततळ्यांचे आराखडे काढलेले आहेत.

आपल्या पूर्णाकाठचा खारपाण पट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलढाण्यातली शेकडो गावे. इथे जमिनीखाली पाणी आहे आणि तरी नसल्यासारखे आहे. ते खारे पाणी पिकाला दिले की जमीन चोपण होते. विहीर खोदून उपयोग नाही. अशा गावात शेततळे खोदले की आपली काळी चिकण माती ते पाणी धरून ठेवते, प्लॅस्टिकही फारसे लागत नाही. आकाशातून पडलेले गोडे पाणी तिथे साठते. ऑगस्टमध्ये खंड पडला की तुषार संचाने एक पाळी द्यायची, सोयाबीन वाचते. दिवाळीनंतर हरभऱ्याला एक पाळी मिळाली तर घर उभे राहते. शेजाऱ्याचे काहीही कमी होत नाही.

आता हेच शेततळे बेसाल्टच्या कातळावर, मराठवाड्यातल्या किंवा नगर-नाशिककडच्या एखाद्या गावात पाहा. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग या काळ्या कातळावर आहे. त्याच्या वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांत जे पाणी मुरते ते सगळ्या शिवाराचे सामाईक असते. इथे शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला जातो आणि हिवाळ्यात विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून ते भरले जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून पसरवायचे. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते, त्यामुळे साठवलेल्यातला मोठा वाटा कोणाच्याच पिकाला मिळत नाही. ज्याच्याजवळ मोठा कागद आणि मोठी मोटार आहे त्याची फळबाग जगते आणि शेजारच्या तीन एकरवाल्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते. दोन्हीकडे खड्डा तोच, अनुदान तेच, फाईलही तशीच. एका ठिकाणी शेततळे पावसाला थांबवते, दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याची विहीर कोरडी करते.

हा फरक मंत्रालयातून दिसत नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयातूनही अर्धवटच दिसतो, आणि दिसला तरी निकषात बसणाऱ्या शेतकऱ्याला कृषी सहायक नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणू शकते ती ग्रामसभा. पण केव्हा? तिच्यासमोर आकडे असतील तेव्हा.

म्हणून ताळेबंद. तुम्हाला हे गणित येते, मी फक्त आठवण करून देतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टर शिवाराच्या गावात सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर सहाशे कोटी लिटर पाणी गावाच्या हद्दीत उतरले. त्यातले वाहून किती गेले, वाफ किती झाली, मातीत किती राहिले, मुरले किती आणि बंधाऱ्यांत अडले किती, हे वजा करत यायचे. उरलेल्यातून आधी माणसांचे पिण्याचे, मग गुराढोरांचे, आणि मग रब्बीचे. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षभरात दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. तेवढ्यात सहा-सात हेक्टर हरभरा निघतो. चावडीवर फळा टांगून हे लिहिले की वाद सुरू होतो, आणि तो वाद व्हायलाच हवा. पाच घरांचा ऊस की तीस घरांचा हरभरा, हा निर्णय कोणत्याही शासन निर्णयाने व्हायचा नाही.

राज्य सरकारने या दिशेने एक चांगले पाऊल टाकले आहे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या पाच हजारांवर गावांत पोहोचला. बदलत्या हवामानासाठी शेती तयार करायची, हाच त्याचा घोषित हेतू. त्यात गावाची स्वतःची कृषी संजीवनी समिती आहे, आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार केलेले पाण्याच्या ताळेबंदाचे साधन आहे, रुंद सरी वरंब्यासारखे तंत्र आहे, जे जास्त पावसात पाणी काढून देते आणि खंडात ओल टिकवते. दुसरा टप्पा सुमारे सात हजार गावांत जायचा आहे. मला हा प्रकल्प मनापासून मोलाचा वाटतो, म्हणूनच त्यातली उणीवही बोलून दाखवतो. गावकरी समितीकडे जातात ते बहुधा वैयक्तिक अनुदानाच्या अर्जासाठी. ठिबक, शेततळे, शेडनेट यांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, पैसे थेट खात्यात येतात, आणि ही पारदर्शकता चांगलीच आहे. ताळेबंद मात्र आराखड्याच्या एका पानावर राहतो. पेरणीच्या आधी तो कोणी उघडत नाही.

ग्रामसभेबद्दल मी भाबडा नाही. ज्याची विहीर मोठी त्याचा आवाज मोठा, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. बायका मागे बसतात, भूमिहीन त्या दिवशी मजुरीला गेलेले असतात. म्हणून साळुंखे यांचा नियम इतका मोलाचा, की वाटा माणसाला, जमिनीला नाही. म्हणूनच धाराशिव-लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने बायकांनी जे केले ते मला फार आशादायक वाटते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ही संस्था वाढली. तिथल्या बायकांनी घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाज्या, कडधान्ये, ज्वारी अशी कमी पाण्याची मिश्र पिके घेतली. बाजार पडला, पाऊस रुसला तरी चूल पेटती राहावी असा हा हिशेब. २०१६ मध्ये संस्थेच्या या कामाला आंतरराष्ट्रीय इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक एकरावर निर्णयाचा अधिकार मिळताच त्या बायकांनी पहिले काम केले ते घरातल्या अन्नाची जोखीम कमी करण्याचे.

आणि गडचिरोलीतले मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवलेले गोंडांचे हे गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. बांबू किती तोडायचा हे ठरवण्याआधी बांबू मोजला जातो. वनविद्येच्या पदवीधरांनी याकडे नीट पाहावे. ज्यांना आपण शिकवायला जातो त्यांनी शिकण्याची एक पद्धत आपल्याआधी बसवलेली असते.

सरकारला मात्र यातून सुटका नाही. गावाने करावे असे म्हणून राज्याने हात झटकले तर ते अन्यायाचे होईल. बोअरची गाडी रात्री येते आणि हजार फूट खाली जाऊन सकाळी निघून जाते. बोअर घ्यायची नाही हा ग्रामसभेचा ठराव तिला अडवू शकत नाही. भूजलाचा २००९ चा कायदा आपल्याकडे आहे. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल जायला त्यात मनाई आहे, पाणलोट क्षेत्राच्या समित्यांची तरतूद आहे. हा कायदा गावाच्या ठरावामागे उभा राहिला पाहिजे. हवामान केंद्रांची जबाबदारीही राज्याचीच. महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली ही मोठी सोय झाली, पण एका मंडळात दहा-वीस गावे असतात आणि आताचा पाऊस ओढ्याच्या एका काठावर पडून दुसरा काठ कोरडा ठेवतो. हवामानावर आधारलेल्या विम्याची भरपाई त्या एका केंद्राच्या आकड्यावर अडते. गावागावात पर्जन्यमापक असणे ही आता चैन राहिलेली नाही.

२०२० मध्ये राज्याने पर्यावरण विभागाच्या नावात वातावरणीय बदल हा विषय घेतला, माझी वसुंधरा अभियान सुरू केले, आणि मार्च २०२२ मध्ये मुंबईने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. शहरांसाठी हे गरजेचेच होते. पण मुंबईच्या आराखड्यामागे तज्ज्ञांची फौज आहे. तुमच्या गावच्या आराखड्यामागे कोण आहे? ग्रामसेवक, ज्याच्याकडे कधी दोन गावांचा कारभार असतो, आणि कृषी सहायक, ज्याच्याकडे त्याहून जास्त. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवायला लावला होता. म्हणजे पैशाची वाट गावापर्यंत पोहोचलेली आहे. गावात बसून हिशेब मांडणारा माणूस पोहोचलेला नाही.

तो माणूस तुम्ही आहात. तुमच्यातले काही जण स्पर्धा परीक्षा देतील, काही बियाण्यांच्या आणि खतांच्या कंपन्यांत जातील, काही बँकेत. प्रत्येकाने गावी परतावे असे मी सांगणार नाही. ज्या घरांनी कर्ज काढून शिकवले त्यांच्या मुलांना त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण बँकेत गेलात तर पीककर्ज देताना त्या शिवाराचा ताळेबंद मागा. अधिकारी झालात तर शेततळ्याच्या फाईलवर सही करण्याआधी ते भरणार कशाने हे विचारा. गावी राहिलात तर ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो फळा तुम्ही टांगा.

कुलगुरू महोदय, आता एक विनंती आपल्याला. आपल्या पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, मुलांच्या भाषेत 'रावे'साठी, गावात जाऊन राहतात. ते विहिरी मोजतात, मातीचे नमुने घेतात, शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतात आणि अहवाल लिहितात. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी दुसऱ्या गावात जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. गावे ठरवून घ्यावीत आणि निदान दहा वर्षे बदलू नयेत. प्रत्येक तुकडीने मागच्या तुकडीची वही पुढे चालवावी: पर्जन्यमापकाची रोजची नोंद, ठरावीक विहिरींची ऑक्टोबरातली आणि मे महिन्यातली पातळी, पेरलेले क्षेत्र, मोटारींची संख्या. वही गावात राहावी, तिची प्रत विद्यापीठात, आणि पावसाळा संपल्यावर विद्यार्थ्यांनीच ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. दहा वर्षांनी त्या गावांकडे स्वतःच्या हवामानाची अशी नोंद असेल जी आज राज्यातल्या कोणत्याही कार्यालयाकडे नाही. या कामाला नवा निधी फारसा लागणार नाही. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. गावांची निवड करताना माझा काही उपयोग होणार असेल तर मी येईन.